हिरोच्या खांद्यावरून दिसणारी मुंबई

मुंबईत शूट झालेला कुठलाही जुना चित्रपट लावा आणि नजर जरा हिरोच्या खांद्यावरून पलीकडे जाऊ द्या. पुढे प्रेमप्रकरण, मारामारी, गाणं, जे काय चाललं असेल ते चालू दे. मागे एक दुसराच चित्रपट सुरू असतो. दुकानांच्या पाट्या, कॅमेऱ्याकडे टकामका बघणारी पोरं, ऑफिस सुटल्यावर लगबगीने स्टेशनाकडे निघालेली माणसं. यांना कोणी मेकअप केलेला नसतो की संवाद दिलेला नसतो. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे शहर असं कॅमेऱ्यासमोर वावरतंय. त्या काळातल्या, शूटिंगच्या जागांच्या या काही गोष्टी.

पहिला शॉट कुस्तीचा

७ जुलै १८९६. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने उलटले होते. हॉटेलाची इमारतही तितकीच अचाट: बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतून घेतलेला आणि जहाजाने आणून इथे जोडलेला. एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ती अजून उभी आहे. भारतात सिनेमा जिथे पहिल्यांदा दिसला त्या वास्तूने वर्षानुवर्षं मोडकळीला आलेल्या अवस्थेत दिवस काढावेत, हे मनाला लागतं.

मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या नव्या खेळाने झपाटले. इंग्लंडहून २१ गिनी मोजून त्यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावून ती टिपली. फिल्म धुवायला थेट लंडनला गेली. भारतीय माणसाने काढलेला हा पहिला चित्रपट मानतात. म्हणजे हँगिंग गार्डन हे आपलं पहिलं आउटडोअर लोकेशन!

डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागतालाही सावेदादा कॅमेरा घेऊन हजर होते. भारतातलं पहिलं वृत्तचित्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. देशातल्या पहिल्या बातमीपटाचा नायक एक गणितज्ञ होता, याचा मला तरी फार आनंद वाटतो.

वांगणीचे ‘दरोडेखोर’

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चा सेट लावला दादरला. आज तिथल्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. नटमंडळी मिळवताना मात्र त्यांच्या नाकीनऊ आले. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाक मुरडत, म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाचं नाव तिथूनच आलंय. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला अण्णा साळुंके नावाचा पोरगेलासा आचारी त्यांच्या नजरेत भरला. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि आपल्याला तारामती मिळाली.

बाहेरची दृश्यं घ्यायला कंपनी गेली वांगणीला. आता कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की लगेच येतं तेच वांगणी. पोशाख चढवून, हातात तलवारी-भाले घेऊन मंडळी तयार झाली आणि गावकऱ्यांची पाचावर धारण बसली. दरोडा पडला असं समजून ते पाटलाकडे धावले, पाटलाने फौजदाराला वर्दी दिली आणि अख्खी कंपनी अटकेत गेली! सिनेमा म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नाही, तर समजावायचं कसं? शेवटी फाळके स्वतः आले, कॅमेरा उभा केला आणि फिल्म न घालताच फौजदारासमोर एक दृश्य करून दाखवलं. फौजदाराची खात्री पटली, मंडळी सुटली. भारतातली शूटिंगची पहिली परवानगी अशी मिळाली म्हणायची. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

जेवणाच्या सुट्टीत लग्न

१९५४ चा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ हा रस्त्यावरच्या मुंबईचा जुना आणि देखणा दस्तऐवज. चेतन आनंद यांनी वजनाला हलका कॅमेरा आणि मोजकी माणसं घेऊन खऱ्या रस्त्यांवर काम केलं. देव आनंदची टॅक्सी हिलमन मिंक्स बनावटीची. याच चित्रपटाच्या शूटिंगमध्ये कामाला सुट्टी होती तेवढ्यात देव आनंद आणि नायिका कल्पना कार्तिक लग्न करून आले आणि पुढच्या शॉटला उभे राहिले.

खोटा पाऊस, खरा पाऊस

पावसाचं शूटिंग हा मोठा खटाटोप असतो. आभाळातल्या सरी कॅमेऱ्यात सहज दिसत नाहीत. उजेड समोरून पडला तर बारीक थेंब पडद्यावरून चक्क गायब होतात. थेंब चमकायला उजेड मागून यावा लागतो. म्हणून मग पाण्याचे टँकर आणतात, उंचावर पाइप बांधतात, जाड थेंबांचे फवारे सोडतात आणि पाठीमागे दणदणीत लाइट लावतात. ‘श्री ४२०’ (१९५५) मधलं एका छत्रीखालचं राज कपूर-नर्गिसचं गाणं असंच चेंबूरच्या आर. के. स्टुडिओत घडवलेलं आहे. रस्ता, दिवे, पाऊस, सगळं मांडलेलं. रेनकोट घालून जाणारी तीन मुलं तेवढी राज कपूरची स्वतःची: रणधीर, रितू आणि धाकटा ऋषी. ऋषीला रडू न देता चालवण्यासाठी नर्गिसने चॉकलेट कबूल केलं होतं.

आता ‘मंझिल’ (१९७९). बासू चॅटर्जींचं दिग्दर्शन, के. के. महाजन यांचा कॅमेरा. चित्रपटात एक गाणं दोनदा येतं. किशोरकुमारच्या आवाजात ते घरगुती मैफलीत आहे आणि लताबाईंच्या आवाजात भर पावसात, दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर. हा पाऊस अस्सल आहे. सुटाबुटातला अमिताभ आणि साडीतली मौसमी चॅटर्जी मरीन ड्राइव्हच्या कठड्याशेजारून, मैदानातून, साचलेल्या पाण्यातून नुसते चालत राहतात. नाच नाही, बाजूला नर्तकांचा ताफा नाही.

हे गाणं पुन्हा बघाल तेव्हा एक करून बघा. पावसाचे थेंब शोधा. ते फारसे सापडणार नाहीत. सापडेल ती भिजलेली मुंबई: करडं आभाळ, रस्त्यावर पसरलेला पाण्याचा आरसा, अंगाला चिकटलेला कोट, लाटांचे कठड्यावरून उडणारे तुषार, आणि हे दोघं कोण आहेत याची फिकीर न करता छत्री सावरत निघालेली माणसं. टँकर आणि फवाऱ्यांनी थेंब मिळतात, हा ओला उजेड मिळत नाही. पडद्यावर मुंबईचा पाऊस याहून चांगला मी पाहिलेला नाही. २०२३ च्या पावसाळ्यात एका ज्येष्ठ जोडप्याने त्याच जागी जाऊन हे गाणं शॉटला शॉट जुळवत पुन्हा चित्रित केलं. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि अनेकांना मूळ गाण्यातल्या जागा नव्याने ओळखता आल्या.

दोन खोल्यांची पटकथा

बासुदांचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. ‘छोटी सी बात’मधला अमोल पालेकर बसस्टॉपवर विद्या सिन्हाच्या मागे उभा राहतो, जहांगीर आर्ट गॅलरीतल्या ‘समोवार’मध्ये बसतो. लांबट, अरुंद जागा, एका बाजूला हिरवळ. १९६४ साली सुरू झालेलं हे कॅफे २०१५ मध्ये बंद झालं. त्याच्या टेबलांवर चहा घेतलेल्यांना ‘छोटी सी बात’ आता वेगळ्याच कारणासाठी बघावासा वाटतो.

आणि मुंबईतल्या जागेच्या टंचाईवर उभा राहिलेला एक गाजलेला चित्रपट मराठी होता, हे आवर्जून सांगायला हवं. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०). नव्या जोडप्याला चाळीतल्या भरल्या घरात दोन घटका एकांत मिळेना, एवढाच प्रश्न. दोन वर्षांनी बासुदांनी त्याचाच ‘पिया का घर’ केला, जया भादुरीला घेऊन.

मंत्रालयात घुसलेला कॅमेरा

मराठीतलं सगळ्यात धाडसी लोकेशन माझ्या मते ‘सिंहासन’चं (१९७९). अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. विषय काय, तर मुख्यमंत्र्याची खुर्ची आणि ती ओढायला टपलेले मंत्री. आणि हे सगळं चित्रित झालं खुद्द मंत्रालयात! तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी तशी परवानगी दिली होती. राजकारण्यांवर इतकी कडक टीका करणारा चित्रपट त्यांच्याच कचेरीत शूट व्हावा, ही गोष्ट आज ऐकली तर दंतकथा वाटेल. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. श्रीराम लागूंचा विश्वासराव दाभाडे आणि या सगळ्यांकडे बघत हिंडणारा निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. त्या लांबलचक कॉरिडॉरमधून माणसं चालताना बघा. तिथल्या भिंतीही पटकथेत काम करतात.

झटपट

‘जाने भी दो यारो’ (१९८३) मधल्या ज्या बागेत खुनाचा फोटो निघतो, तिचं नाव अँटोनियोनी पार्क. बागेत नकळत खुनाचा फोटो निघतो अशी गोष्ट सांगणाऱ्या ‘ब्लो-अप’च्या इटालियन दिग्दर्शकाला केलेला तो सलाम आहे. नसीरुद्दीन शाहच्या गळ्यातला कॅमेरा त्याचा स्वतःचा होता आणि शूटिंगच्या गडबडीत तो चोरीला गेला.

‘गुलाम’ (१९९८) मध्ये आमिर खान धावत्या लोकलसमोर रुळांवरून पळतो ते स्टेशन नवी मुंबईतलं सानपाडा. उडी त्याने स्वतः मारली होती. कोणीही, कधीही करू नये अशी ती गोष्ट आहे.

कुलाब्याची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर बंद पडली आणि काळवंडलेल्या भिंती, छप्पर उडालेले सांगाडे, शेजारी समुद्र असं आयतं लोकेशन सिनेमावाल्यांना मिळालं. ‘हम’ (१९९१) मधलं अमिताभ-किमी काटकरचं ते धुमाकूळ घालणारं गाणं इथलंच. मिलमध्ये भूत आहे अशी वदंता आहे, त्यामुळे अंधार पडायच्या आत पॅकअप करा म्हणणारे आजही भेटतात.

एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्या हिंदी सिनेमात कोर्टाच्या पायऱ्या म्हणून इतक्यांदा वापरल्यात की १८३३ पासून उभ्या असलेल्या या टाउन हॉलला परगावचे लोक न्यायालयच समजतात.

२०१९ च्या सप्टेंबरात क्रिस्टोफर नोलन ‘टेनेट’साठी आला. गेटवे, कुलाब्याचं कॅफे मोंडेगार आणि डिंपल कपाडिया, तिन्ही त्याच्या चित्रपटात आहेत.

आणि कोल्डप्लेच्या २०१६ मधल्या त्या रंगीबेरंगी म्युझिक व्हिडिओतले दगडी अवशेष आपल्या वसईच्या किल्ल्याचे आहेत, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या.

व्हीटी, रात्री

बोरीबंदरचं स्टेशन, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. दिवसा तिथे कॅमेरा लावायचा म्हणजे लाखोंच्या गर्दीशी गाठ. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या (२००८) शेवटचा फलाटावरचा नाच म्हणूनच रात्री, गाड्या थांबलेल्या वेळात उरकला गेला. डॅनी बॉयलने मुंबईच्या गल्ल्यांमध्ये लहानसे डिजिटल कॅमेरे वापरले, कारण मोठा कॅमेरा बाहेर काढला की पाच मिनिटांत बघ्यांची भिंत उभी राहते. त्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं. नाच बसवला होता लॉन्जिनस फर्नांडिस यांनी. श्रेयनामावलीत त्यांचं नाव राहून गेलं होतं, तेव्हा ऑस्करच्या मंचावर बॉयलने जाहीरपणे ती चूक कबूल केली आणि त्यांचे आभार मानले.

खऱ्या गल्ल्यांमध्ये शिरण्याच्या बाबतीत ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) आणखी पुढे गेला होता. मीरा नायर यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मुलांची कार्यशाळा घेतली आणि त्यांतूनच नट निवडले. कामाठीपुऱ्याच्या परिसरात शूटिंग झालं. कान महोत्सवात चित्रपटाला ‘कॅमेरा दोर’ मिळाला आणि त्यातून मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. शूटिंग आटोपल्यावर लोकेशनला परत काहीतरी देऊन जाणारे चित्रपट किती निघतील?

मुंबई, पण मुंबईत नव्हे

‘नायकन’ (१९८७) मधली धारावी बघून मुंबईकरही फसतात. ती बहुतांशी मद्रासच्या स्टुडिओत उभी केली होती. कलादिग्दर्शक थोटा तरणी यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मणिरत्नमने ‘बॉम्बे’साठीही (१९९५) शहर मद्रासलाच बांधलं. पुढे रजनीकांतच्या ‘काला’साठी (२०१८) धारावीचा मोठा सेट लागला तोही चेन्नईत. म्हणजे तमिळ प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच्या धारावीचा बराचसा पत्ता तमिळनाडूतला आहे! धारावीत तमिळ कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्यामुळे या गोष्टीला एक आपुलकीचाही पदर आहे.

अनुराग कश्यपने ‘बॉम्बे व्हेल्वेट’साठी (२०१५) साठच्या दशकातली मुंबई श्रीलंकेत बांधली. आजच्या फोर्टमध्ये एसीची यंत्रं, केबलच्या तारा, मोबाइलचे टॉवर यांतून जुनी मुंबई सोडवून काढणं किती कठीण आहे, हे तिथून एक चक्कर मारली की कळतं. ‘हॉटेल मुंबई’चा (२०१८) बराचसा भाग ऑस्ट्रेलियात ॲडलेडला झाला. ‘शांताराम’ (२०२२) या मालिकेतल्या कुलाब्यासाठी थायलंड गाठलं गेलं, कारण मध्ये कोविड आला. आणि सई परांजपेंच्या ‘कथा’तली (१९८३) मुंबईची चाळ? ती पुण्याची!

उलटा हिशोबही आहे. ‘शोले’चं रामगड कर्नाटकात असलं तरी दरोडेखोर ज्या गाडीचा घोड्यांवरून पाठलाग करतात, ती पळाली पनवेलजवळ. तेवढ्या एका प्रसंगाला सात आठवडे लागले.

छोटा पडदा आणि बिबट्या

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि वरळीचा मनोरा शहराची खूण बनला. सुरुवातीच्या मालिका स्टुडिओतल्या. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ चार भिंतींच्या सेटवरच घराघरांत पोचले. ‘वागळे की दुनिया’ (१९८८) आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवर बेतलेली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे जोडपं मध्यमवर्गीय मुंबईचं इतकं नेमकं होतं की शेजारच्या ब्लॉकमधलं वाटावं.

‘सीआयडी’ने तर १९९८ पासून वीस वर्षं मुंबईत खुनाचे तपास लावले. पण त्यांचा विक्रमी एपिसोड, १११ मिनिटांचा, एकाही कटशिवाय सलग घेतलेला, २००४ मध्ये लोणावळ्याच्या बंगल्यात झाला. त्याची नोंद गिनेस बुकात आहे. १११ मिनिटांत कोणी वाक्य विसरलं, कोणाला शिंक आली, तर पुन्हा पहिल्यापासून. त्या युनिटमधल्या प्रत्येकाला माझा नमस्कार.

‘तारक मेहता’ची गोकुळधाम सोसायटी गोरेगावच्या पावडर गल्लीत असल्याचं मालिकेत सांगतात. गल्ली खरी आहे, सोसायटी मात्र १९७७ साली सुरू झालेल्या गोरेगावच्याच चित्रनगरीत. सोसायटीच्या इमारतींना दर्शनी भाग आणि गॅलऱ्या आहेत, मागे घरं नाहीत. या चित्रनगरीची हद्द संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून, त्यामुळे तिथे न बोलावलेले पाहुणे येतात. जुलै २०२३ मध्ये एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्याची मादी पिल्लासह शिरली, शूटिंग चालू असताना. तिथे रात्रपाळी करणारे स्पॉटदादा, लाइटमन आणि ज्युनिअर आर्टिस्ट हे भय रोज सोबत घेऊन काम करतात. त्यांच्या सुरक्षेची काळजी निर्मात्यांनी आणि सरकारने याहून गांभीर्याने घ्यायलाच हवी.

आता फक्त पडद्यावर

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. डिझेलवरची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. पुढच्याच महिन्यात काळी-पिवळी पद्मिनीही गेली, कारण ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. व्हिक्टोरियांवर उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी आणली. नातवंडांना यांतलं काही दाखवायचं असेल तर वस्तुसंग्रहालयापेक्षा सिनेमा बरा, तिथे ही वाहनं चालतात, वळतात, हॉर्न देतात. व्हिक्टोरिया हवी तर ‘सीआयडी’ (१९५६) हा चित्रपट लावा, जॉनी वॉकर स्वतः फिरवून आणतो. आणि टॅक्सी हवी तर मुझफ्फर अलींचा ‘गमन’ (१९७८). उत्तर प्रदेशातलं गाव सोडून आलेला फारूख शेख त्यात मुंबईची टॅक्सी चालवतो आणि गाडीच्या काचेतून त्या वेळचं अर्धं शहर आपल्याला दाखवतो.